रोमन लढाईतली कुमक कशी तपासावी: नात्यापासून मोबदल्यापर्यंत

इ.स.पू. २१६ मध्ये इटलीत कॅनीच्या मैदानावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमचे प्रचंड सैन्य एका दिवसात कापून काढले. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही राज्याने यानंतर तह मागितला असता. रोम आणखी चौदा वर्षे लढत राहिला आणि इ.स.पू. २०२ मध्ये झामाला त्याने हॅनिबललाच हरवले. हे कसे जमले, याचे उत्तर कॅनीच्या नकाशावर सापडत नाही. माणसे, घोडे, धान्य आणि पैसा कुठून येत होते, कोणत्या कराराने येत होते आणि किती दिवसांत पोचत होते, हे पाहिले की ते उत्तर सापडू लागते. रोमची खरी ताकद आगाऊ बांधून ठेवलेल्या मदतीत होती, असे माझे ठाम मत आहे. म्हणून रोमन लढाई वाचताना मी रणांगणाकडे सर्वांत शेवटी वळतो.

इतिहासाचे विद्यार्थी, ऐतिहासिक कथा लिहिणारे आणि नकाशावर लढाया मांडून पाहणारे वाचक यांच्यासाठी ही पद्धत पायऱ्या-पायऱ्यांनी मांडतो आहे. लागणारे साहित्य थोडेच आहे: त्या लढाईचा मूळ वृत्तांत भाषांतरात, अंतर मोजता येईल असा नकाशा आणि एक वही. प्रत्येक मदतीसाठी वहीचे एक पान ठेवा.

पायरी १: मदत करणारा रोमचा कोण लागतो, ते ठरवा

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग पुढचे सगळे आकडे चुकतात.

प्रजासत्ताकाच्या काळात सर्वांत मोठी मदत इटलीतल्याच दोस्त शहरांकडून आणि जमातींकडून येई. रोम त्यांच्याकडून कर घेत नसे, माणसे घेई. कोणाकडून किती माणसे मागायची याच्या याद्या तयार असत आणि कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे रोमचे दोन सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती, त्यानुसार मागणी धाडत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने या व्यवस्थेचे तपशील दिले आहेत: दोस्तांचे पायदळ साधारण रोमन पायदळाइतके आणि घोडदळ त्याच्या तिप्पट. त्यातले निवडक लोक, म्हणजे स्वारांचा तिसरा आणि पायदळाचा पाचवा हिस्सा, थेट कॉन्सलच्या दिमतीला असत.

आता हिशेब करून पाहा. एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य तुकडीत, ४,२०० पायदळ आणि ३०० स्वार धरले, तर दोन लीजन घेऊन निघालेल्या कॉन्सलकडे रोमन माणसे झाली ९,०००. वाचक इथेच थांबतो. प्रत्यक्षात दोस्तांचे ८,४०० पायदळ आणि १,८०० स्वार सोबत असत, म्हणजे फौज १९,००० च्या वर गेली. वृत्तांतात ‘दोन लीजन’ एवढेच लिहिलेले असेल, तर तिथे अर्धी फौज न सांगता उभी आहे असे समजा.

या साठ्याची खोली किती होती? इ.स.पू. २२५ मध्ये गॉल लोकांच्या स्वारीच्या वेळी रोमने दोस्तांकडून हत्यार धरू शकणाऱ्या पुरुषांच्या याद्या मागवल्या. पॉलिबियसच्या बेरजेनुसार रोमन आणि दोस्त मिळून ७ लाखांहून अधिक पायदळ आणि सुमारे ७० हजार स्वार भरत होते. हॅनिबलला ही गोष्ट पुरेपूर माहीत होती. म्हणूनच तो इटलीत दोस्त फोडण्याच्या मागे लागला. कॅपुआ त्याला मिळाले, पण बहुतेक लॅटिन वसाहती, म्हणजे रोमने वसवलेली दोस्त शहरे, हलल्या नाहीत. त्यांच्यावरचा भार मात्र असह्य होत गेला. इ.स.पू. २०९ मध्ये ३० पैकी १२ वसाहतींनी ‘आमच्याकडे आता माणसे नाहीत, पैसाही नाही’ असे कॉन्सलना सांगून टाकले. उरलेल्या १८ वसाहती ‘लागेल ते देऊ’ म्हणाल्या. रोमन इतिहासकार लिव्हीने त्या अठरांची नावे एकेक करून नोंदवली आहेत. संपूर्ण युद्धातला सर्वांत धोक्याचा क्षण मला हाच वाटतो, आणि त्यात एकही तलवार उपसली गेलेली नाही.

दुसरा गट परदेशी मित्रांचा. इथे ठरलेली मागणी नसे, स्नेह आणि स्वार्थ असे. सिराक्यूजचा राजा हायेरो याने कॅनीच्या लढाईपूर्वी ३ लाख मोडियस (धान्याचे रोमन माप) गहू, २ लाख मोडियस जव, १,००० तिरंदाज व गोफणधारी आणि विजयदेवतेची २२० पौंडांची सोन्याची मूर्ती पाठवली. रोमने हे सगळे घेतले. त्याच सुमारास नेपल्सने सोन्याचे ४० वाडगे देऊ केले, तेव्हा सेनेटने त्यातला सर्वांत कमी वजनाचा एकच ठेवून घेतला. कोणाकडून काय घ्यायचे आणि कोणाला आभार मानून परत पाठवायचे, यात रोमचे राजकारण दिसते. वहीत ‘दिले’ आणि ‘घेतले’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

तिसरा गट साम्राज्यकाळातल्या सहायक पथकांचा. साधारण ५०० जणांची, पुढे काही ठिकाणी १,००० जणांची ही पायदळ व घोडदळ पथके प्रांतांतल्या नागरिकत्व नसलेल्या लोकांतून उभी राहत. इ.स. २३ मध्ये २५ लीजन होत्या आणि सहायक सैन्य जवळपास तेवढेच होते, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. रोमन पायदळाला जे जमत नसे ते ही माणसे करत. सीरियाचे तिरंदाज तर थेट ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देत होते.

पायरी २: निरोप कसा गेला, ते शोधा

निरोपावाचून कुमक नाही. यासाठी इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्यातला एक प्रसंग पूर्ण उलगडतो, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक पायरी सापडते.

त्या वर्षी गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) पाऊस कमी पडला, धान्य टंचाईचे झाले. सीझरने आपल्या लीजन एकत्र न ठेवता वेगवेगळ्या जमातींच्या प्रदेशात हिवाळी छावण्यांत विखुरल्या. एक छावणी वगळता बाकी सगळ्या १०० रोमन मैलांच्या आत होत्या. या विखुरलेपणाचा फायदा घेऊन गॉल सरदार अँबिओरिक्सने सीझरचे अधिकारी सबायनस आणि कोटा यांच्या १५ कोहॉर्ट (लीजनचा दहावा भाग म्हणजे एक कोहॉर्ट) छावणीबाहेर काढून जवळपास नष्ट केल्या. मग नर्व्ही ही गॉल जमात आणि तिचे साथीदार सीझरचा अधिकारी क्विंटस सिसेरो याच्या छावणीवर तुटून पडले. हा प्रसिद्ध वक्त्या सिसेरोचा धाकटा भाऊ.

सिसेरोने पाठवलेला एकेक जासूद पकडला जात होता. काहींना तर छावणीतल्या सैनिकांच्या डोळ्यांदेखत हाल करून मारले. शेवटी व्हर्टिको नावाच्या एका नर्व्ही सरदाराच्या गुलामाने भाल्याला बांधलेला खलिता बाहेर काढला. तो स्वतः गॉल असल्याने गॉल लोकांतून कोणाला संशय न येता गेला.

सीझरचे उत्तर ग्रीक लिपीत होते, म्हणजे वाटेत सापडले तरी शत्रूला वाचता येऊ नये. ते घेऊन गेलेल्या गॉल स्वाराला आत शिरायचे धाडस होईना, म्हणून त्याने ठरल्याप्रमाणे पत्र भाल्याच्या वादीला बांधून छावणीत फेकले. भाला एका बुरुजाला जाऊन रुतला आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातच आला नाही. तिसऱ्या दिवशी एका सैनिकाला तो दिसला. सिसेरोने पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवले आणि थोड्याच वेळात दूरवर जळत्या वस्त्यांचा धूर दिसू लागला.

प्रत्येक मदतीच्या पानावर तीन वेळा लिहा: मदतीची गरज कधी पडली, निरोप कधी पोचला आणि पहिली तुकडी कधी निघाली. पहिल्या दोन वेळांतले अंतर बहुधा सर्वांत मोठे निघते.

पायरी ३: निरोप मिळालेल्याने काय ठरवले, ते पाहा

सिसेरोचे पत्र सीझरला दिवसाच्या अकराव्या तासाला, म्हणजे मावळतीच्या सुमाराला मिळाले. त्याने लगेच इतर तीन छावण्यांच्या प्रमुखांकडे माणसे धाडली. २५ मैलांवरच्या मार्कस क्रॅससला मध्यरात्री निघून यायला सांगितले. फेबियसला त्याच्या लीजनसह वाटेत येऊन मिळायला सांगितले. लॅबिनसला कळवले की, तुझ्या बाजूला धोका नसेल तरच ये.

लॅबिनस आला नाही. त्याच्या छावणीपासून तीन मैलांवर ट्रेव्हेरी जमातीचे सैन्य येऊन बसले होते. आपण निघालो तर ते पळण्यासारखे दिसेल आणि शत्रू पाठीवर येईल, असे त्याने सीझरला लिहून कळवले. सीझरने हा निर्णय मान्य केला आणि तीन लीजनऐवजी दोनच घेऊन पुढे गेला. न आलेली मदत म्हणजे कसूर, असे धरून चालू नका. न येणाऱ्याच्या समोर त्या दिवशी काय उभे होते, ते आधी तपासा.

अधिकाराचा प्रश्नही याच पायरीत येतो. प्रत्येक सेनापतीला नेमून दिलेले क्षेत्र असे आणि ते सोडून जाणे ही गंभीर गोष्ट होती. इ.स.पू. २०७ मध्ये हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. त्याची पत्रे घेऊन निघालेले चार गॉल आणि दोन नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) स्वार टॅरेंटमजवळ पकडले गेले. दक्षिणेत हॅनिबलसमोर तळ देऊन बसलेल्या कॉन्सल गायस क्लॉडियस निरोच्या हाती ती पत्रे पडली. त्याने निवडक ६,००० पायदळ आणि १,००० स्वार घेऊन उत्तरेला, हॅस्ड्रुबलसमोर असलेल्या दुसऱ्या कॉन्सलच्या मदतीला, धाव घेतली. आपले क्षेत्र आपण सोडत आहोत हे त्याला माहीत होते, म्हणून निघण्यापूर्वी त्याने सेनेटला सगळे कळवले. शिवाय कॅपुआची लीजन रोमकडे आणि रोममधल्या लीजन नार्नियाकडे सरकवाव्यात, अशी सूचनाही केली. मदत जिथून निघाली तिथे पडलेली पोकळी कोणी भरली, हा प्रश्न वहीत जरूर लिहा.

पायरी ४: अंतर मोजा आणि आकड्यांवर शंका घ्या

रोमन मैल सुमारे १.४८ किलोमीटरचा. युद्धकलेवर लिहिणारा रोमन लेखक व्हेजिटियस सांगतो की सैनिकांना उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० मैल, आणि भरभर चालीने २४ मैल चालायला शिकवावे. म्हणजे ३० ते ३६ किलोमीटर. हे माप हाताशी ठेवा. एक खबरदारी घ्या: रोमन तास म्हणजे उजेडाचा बारावा हिस्सा. हिवाळ्यात तो आपल्या तासापेक्षा बराच लहान असतो.

क्रॅससचा आकडा तपासू. २५ मैल म्हणजे ३७ किलोमीटर. तो मध्यरात्री निघाला आणि तिसऱ्या तासाला त्याची पुढची माणसे सीझरच्या तळापाशी दिसली. हिवाळ्यात ती वेळ साधारण सकाळी साडेनऊ-दहाची. ताशी ४ किलोमीटरच्या आसपास चाल पडली. रात्रीच्या कूचसाठी हे कडक आहे, पण शक्य आहे. सीझर स्वतः त्या दिवशी २० मैल पुढे गेला. तेही बसते.

आता निरोचा आकडा घ्या. दक्षिणेतल्या कॅन्युसियमपासून उत्तरेतल्या सेना गॅलिकापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर. मेटॉरस नदीवर हॅस्ड्रुबलला हरवल्यावर त्याच रात्री निघून तो सहाव्या दिवशी आपल्या छावणीत परतला, असे लिव्ही म्हणतो. दिवसाला ६५ किलोमीटरच्या वर गेले, म्हणजे व्हेजिटियसच्या भरभर चालीच्या जवळपास दुप्पट, तेही लढाई करून थकलेल्या पायदळाने आणि सलग. अशा आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. कूच विलक्षण वेगाचे होते यात शंका नाही, कारण हॅनिबलला निरो गेल्याचा पत्ताच लागला नाही. पण दिवसांची मोजणी लिव्हीच्या भरवशावर तशीच उचलू नका.

पायरी ५: खाल्ले काय?

पॉलिबियसच्या आकड्यांवरून एका पायदळ सैनिकाला महिन्याला साधारण ४ मोडियस गहू मिळे, म्हणजे दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम. रोमन सैनिकाच्या पगारातून धान्याची किंमत कापली जाई, दोस्तांना ते फुकट मिळे.

या एका मापाने बरेच उलगडते. हायेरोचा ३ लाख मोडियस गहू म्हणजे ७५,००० सैनिकांचे एका महिन्याचे धान्य. निरोच्या ७,००० माणसांना दिवसाला सहा टनांहून अधिक गहू लागत होता, घोड्यांचा दाणा वेगळा. एवढे सोबत घेतले असते तर त्याचा वेग मेला असता. म्हणून त्याने वाटेवरच्या लोकांना आधीच निरोप धाडून शिधा, घोडे आणि ओझ्याची जनावरे रस्त्यावर आणून ठेवायला लावली. लिव्हीने वर्णन केले आहे की स्त्री-पुरुष रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून नवस बोलत होते आणि आग्रहाने खायला देत होते. पंढरीच्या वाटेवर दिंडीला गावोगावी जशी पंगत मिळते, तशी ही फौज गावांच्या जिवावर चालली. पहिल्या पायरीतली दोस्ती इथे भाकरीच्या रूपाने पुढे आली.

पायरी ६: पोचलेली कुमक कुठे घातली?

आता रणांगण. रोमन पद्धतीत राखीव सैन्य रचनेतच होते. एका लीजनमध्ये, हलके पायदळ सोडून, पुढे १,२०० तरुण, मागे १,२०० अनुभवी, सर्वांत मागे ६०० जुने ट्रिआरी. तिसऱ्या रांगेला लढाईत पडावे लागले म्हणजे प्रसंग बिकट, असा लॅटिनमध्ये वाक्प्रचारच होता. ही रांग कोणी, कधी आणि काय पाहून पुढे पाठवली, ते शोधा. इ.स.पू. ५८ मध्ये जर्मन राजा एरिओव्हिस्टस याच्याविरुद्धच्या लढाईत तो हुकूम सीझरने दिला नाही. घोडदळावर असलेल्या तरुण पब्लियस क्रॅससने दिला. तो रेटारेटीत अडकलेला नव्हता, म्हणून डावी बाजू दबत असल्याचे त्याला दिसले. फार्सालसला इ.स.पू. ४८ मध्ये सीझरने तिसऱ्या रांगेतून कोहॉर्ट काढून चौथी रांगच लपवून उभी केली आणि आपला रोमन प्रतिस्पर्धी पाँपी याच्या घोडदळाचा डाव तिथे मोडला.

बाहेरून आलेली कुमक नेहमी शेजारी येऊन उभी राहते असे नाही. निरोची माणसे रात्री दुसऱ्या कॉन्सलच्या छावणीत शिरली आणि आधीच्याच तंबूंत राहिली, त्यामुळे छावणी मोठी दिसली नाही. तरी हॅस्ड्रुबलला जुन्या ढाली आणि रोडावलेले घोडे खटकले आणि कॉन्सलच्या छावणीत तुतारी दोनदा वाजल्याचे कळले. दोन कॉन्सल हजर आहेत हे त्याने ओळखले आणि माघार घेतली. त्या माघारीतच तो गाठला गेला. सिसेरोच्या बाबतीत याहून वेगळे घडले. सीझर येतो आहे हे कळताच सुमारे ६०,००० गॉल वेढा उठवून त्याच्यावरच चालून गेले. त्याच्याकडे जेमतेम ७,००० माणसे होती. त्याने मुद्दाम लहान छावणी बांधली, घाबरल्याचे भासवले, शत्रूला गैरसोयीच्या जागी जवळ येऊ दिले आणि सगळ्या दारांतून एकदम बाहेर पडला. त्याच दिवशी तो सिसेरोपर्यंत पोचला. तिथे दहातला एकही सैनिक धड, बिनजखमी उरला नव्हता.

पायरी ७: नाकारलेली मदतही नोंदवा

इ.स.पू. ५३ मध्ये आर्मेनियाचा राजा आर्टाव्हास्डीस ६,००० स्वार घेऊन रोमन सेनापती क्रॅससकडे आला (हा वरच्या दोन्ही क्रॅससांपेक्षा वेगळा). आणखी १०,००० चिलखती स्वार आणि ३०,००० पायदळ त्याने देऊ केले. अट एवढीच की पार्थियावर, म्हणजे रोमच्या पूर्वेकडच्या शत्रूवर, डोंगराळ आर्मेनियातून जावे, जिथे शत्रूच्या घोडदळाला मोकळीक मिळणार नाही. क्रॅससने मेसोपोटेमियाचा सपाट मार्ग धरला आणि कॅऱ्हीला धनुर्धारी स्वारांनी त्याची फौज संपवली. इ.स. ३७८ मध्ये सम्राट व्हेलेन्सला पुतण्या ग्रेशियनचे पत्र आले होते की मी येतो आहे, थांब. गॉथ थोडेच आहेत अशी बातमी आणि विजय वाटून घेण्याची नाखुषी, यांमुळे तो ९ ऑगस्टला एड्रियानोपलबाहेर लढायला निघाला. तो मारला गेला, सैन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला. दोन्ही ठिकाणी मदत आवाक्यात होती. पानावर तिचा आकार, अट आणि नाकारण्याचे कारण लिहिल्याशिवाय पराभवाची कारणे लिहायला घेऊ नका.

पायरी ८: मोबदला कधी आणि किती मिळाला

नुमिडियाचा मासिनिसा झामाला ६,००० पायदळ आणि ४,००० स्वार घेऊन आला आणि हॅनिबलच्या पिछाडीवर उलटलेल्या घोडदळाने लढाईचा निकाल लावला. त्याच्या पदरात नुमिडियाचे राज्य पडले. याउलट ज्या इटालियन दोस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धी फौज पुरवली, त्यांना नागरिकत्व नाकारले जात राहिले. इ.स.पू. ९१ मध्ये ते रोमविरुद्धच उठले, आणि रोमच्याच शिस्तीत तयार झालेले सैन्य रोमसमोर उभे राहिले. नागरिकत्वाचा कायदा आला तो हे युद्ध पेटल्यावर. त्याच युद्धात पाँपेयस स्ट्रॅबोने ३० स्पॅनिश स्वारांना शौर्याबद्दल नागरिकत्व दिल्याचा कांस्यपट आजही वाचता येतो. साम्राज्याने पुढे हा मोबदला नियमित केला: सहायक पथकात २५ वर्षे सेवा, नंतर नागरिकत्व आणि त्याची कांस्यपत्रावर कोरलेली नक्कल. अशी अनेक पत्रे सापडली आहेत आणि कोणते पथक कोणत्या वर्षी कोणत्या प्रांतात होते, हे त्यांवरून कळते. साम्राज्यकाळातल्या कुमकेचा माग काढताना इतिहासकारांच्या वर्णनांपेक्षा मी या पत्र्यांवर जास्त विसंबतो.

सरावासाठी

पहिले पान भरायला ब्रिटनमधला राणी बूडिकाचा रोमविरुद्धचा उठाव घ्या, इ.स. ६० किंवा ६१. टॅसिटसचा वृत्तांत छोटा आहे आणि त्यात मदतीचे चार प्रकार एकत्र येतात. पेटिलियस सेरिॲलिस नववी लीजन घेऊन मदतीला धावला, त्याचे पायदळ कापले गेले आणि तो घोडदळासह निसटला. दुसऱ्या लीजनचा छावणीप्रमुख पोएनियस पोस्टुमस हुकूम मिळूनही निघाला नाही. इतरांनी विजय मिळवल्याचे कळल्यावर त्याने आत्महत्या केली. सुएटोनियस पॉलिनस चौदावी लीजन, विसाव्या लीजनमधले अनुभवी सैनिक आणि जवळची सहायक पथके अशा सुमारे १०,००० जणांवर लढला आणि जिंकला. जर्मनीतून कुमक आली ती त्यानंतर: २,००० लीजन सैनिक, सहायकांच्या आठ कोहॉर्ट आणि १,००० स्वार.

कोहॉर्ट ५०० चे धरले तर ही कुमक सुमारे ७,००० ची होते. यातल्या २,००० च्या आकड्यावर थोडे थांबा. ती माणसे नववी लीजन भरून काढण्यासाठी आली, असे टॅसिटस सांगतो. सेरिॲलिसने त्या दिवशी किती माणसे गमावली असतील, त्याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो.